कोलामी शब्द टिपायला बसताना

पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, जाताना वही न्या, पण पहिल्या दिवशी ती पिशवीतच राहू द्या. अनोळखी माणसाशी कोलाम माणूस मराठीतच बोलतो. केळापूर तालुक्यात मी बरीच वर्षं पहिलीचा वर्ग घेतला. एका पोरानं माठाकडे बोट करून ‘ईर’ म्हटलं, तेव्हा मी त्याच्याकडून आधी ‘पाणी’ म्हणवून घेतलं आणि मगच पेला भरून दिला. ते मला आजही बोचतं. शब्द टिपायला लागले ती त्यानंतर.

जिथं काम चाललंय तिथं बसा. बांबूच्या कामट्या काढणाऱ्या आजीजवळ बसलात की हात चालू असतो आणि जीभही मोकळी असते. वस्तू दाखवून विचारा. मराठीतून विचारलंत तर पुष्कळदा मराठीच शब्द परत मिळतो. घर ‘एल्ला’, कुत्रा ‘आते’, विस्तव ‘किस’. शब्द मिळाला की आपण म्हणून दाखवायचा, आजी मान डोलवेपर्यंत.

आकडे मात्र सुटे विचारू नका. तीन पुरुष म्हणजे ‘मुग्गुर’, तीन बायका ‘मुयल’, तीन वस्तू ‘मूंदिंग’. नुसतं ‘तीनला काय म्हणता?’ विचारलं तर यातला एकच हाती लागतो. मी अंगणातल्या बाया मोजायला सांगते, मग गडी, मग टोपल्या. पाचापासूनचे आकडे तेलुगूतून आलेत. तेही तसेच लिहा, ‘अस्सल’ शब्दासाठी आजीचा पिच्छा पुरवू नका.

प्रत्येक शब्दापुढे पोड आणि तालुका लिहाच. वर्ध्याकडची कोलामी वेगळी, किनवटची वेगळी, आदिलाबादची आणखी वेगळी. भाषाशास्त्रज्ञ एमेनो यांनी १९३०च्या दशकात वर्ध्याकडची कोलामी टिपली. आदिलाबादकडच्या कोलामीचं व्याकरण १९५० साली लिहिलं ते आपल्या सेतुमाधवराव पगडींनी. दोघांचे शब्द एकाच यादीत कालवले तर काहीच उमगत नाही. चांद्याची नायकी जवळची असली तरी अभ्यासक ती वेगळी भाषा धरतात. तिला वेगळी वही करा.

कोलामीला स्वतःची लिपी नाही. इकडे देवनागरी चालते, तेलंगणात तेलुगू. म्हणून दीर्घ स्वर काटेकोर लिहा आणि मोबाइलवर आवाजही घ्या, परवानगी विचारून.

उठण्याआधी सगळी पानं मोठ्यानं वाचून दाखवा. चुका तेव्हाच निघतात, आणि सर्वांत आधी पोरंच सांगतात. पुढच्या खेपेला झेरॉक्स घेऊन जा नि ती पोडावरच ठेवा.