सोमालियाची शांतता परिषद अभ्यासवर्गात कशी भरवावी

अभिरूप संसद ज्या पद्धतीने भरते, त्याच पद्धतीने एखाद्या यादवी युद्धातील वाटाघाटींची अभिरूप परिषदही भरवता येते, आणि त्यासाठी सोमालियाइतके शिकवणारे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल. बडोद्याच्या अभ्यासवर्गाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही, कारण कच्छमधील मांडवीची आणि जामनगरजवळच्या सलायाची गलबते वर्षानुवर्षे सोमाली बंदरांशी व्यापार करत आली आहेत. दांडिया बाजार परिसरातील एखाद्या मंडळाचे सभागृह, वीस-पंचवीस सहभागी आणि लागोपाठचे दोन रविवार एवढी तयारी पुरेशी आहे.

जानेवारी 1991 मध्ये सोमालियाचे हुकूमशहा सियाद बारे यांची राजवट कोसळल्यानंतर डझनभराहून अधिक परिषदा झाल्या. त्यांपैकी एकच निवडावी. मार्च 1993 ची इथियोपियाच्या राजधानीतील, अदिस अबाबा येथील राष्ट्रीय समेट परिषद सर्वांत सोयीची, कारण 15 सशस्त्र गटांनी सह्या केलेल्या तिच्या करारात आकडे आणि मुदती स्पष्ट आहेत. पूर्वतयारी म्हणून सहभागींनी 1991 ते 1995 या काळाचा घटनाक्रम हंसा मेहता ग्रंथालयातून किंवा मध्यवर्ती ग्रंथालयातून स्वतः जुळवावा. संयोजकाने तो आयता देऊ नये. एक गोष्ट मात्र सर्वांना आधीच सांगावी. राजधानी मोगादिशूचे दोन तुकडे करणारे अली महदी आणि जनरल मोहम्मद फराह ऐदिद हे दोघेही युनायटेड सोमाली काँग्रेस या एकाच संघटनेचे आणि हाविये या एकाच कुळसमूहाचे होते, त्यामुळे ‘कुळाविरुद्ध कूळ’ एवढ्यावर हे युद्ध उलगडत नाही. त्याचप्रमाणे सोमाली कुळांची आपल्याकडील जातींशी तुलना करण्याचा मोह ठामपणे टाळावा. तिथे वंशावळ पित्याकडून मोजली जाते, गट परिस्थितीनुसार जुळतात आणि फुटतात, आणि जातीची उपमा एकदा डोक्यात बसली की पुढची सारी चर्चा चुकीच्या वाटेने जाते.

भूमिका वाटताना केवळ सेनानी नेमू नयेत. दोन मुख्य गट, तीन-चार लहान गट, संयुक्त राष्ट्रांचे प्रतिनिधी आणि यजमान इथियोपिया यांच्याबरोबर कुळांतील वडीलधारे आणि स्त्रियांचे शिष्टमंडळही असावे. मात्र पहिल्या रविवारी या शेवटच्या दोघांना बोलण्याचा हक्क द्यावा, सहीचा नव्हे. सहीचा अधिकार नसलेल्यांची अस्वस्थता सभागृहात जाणवली पाहिजे, कारण माझ्या मते सोमालियाच्या बहुतेक करारांची कमजोरी मजकुरात नसून मेजाभोवती कोणाला खुर्ची मिळाली यात होती.

पहिल्या बैठकीचा बहुतेक वेळ जागावाटपाला द्यावा. मूळ करारात संक्रमणकालीन राष्ट्रीय मंडळाच्या 74 जागा ठरल्या होत्या: 18 प्रांतांतून प्रत्येकी 3 म्हणजे 54, मोगादिशूसाठी 5 आणि 15 गटांना प्रत्येकी एक. प्रत्येक प्रांताच्या तिघांत एक स्त्री असणे बंधनकारक होते. हे गणित सहभागींना आधी सांगू नये. फळ्यावर प्रांत, शहर आणि गट असे तीन रकाने आखून त्यांनाच वाटणी करू द्यावी. गटांना जास्त जागा दिल्या तर बंदूक उचलल्याचे बक्षीस दिल्यासारखे होते आणि कमी दिल्या तर ते सही न करताच उठून जातात. हा पेच सोडवण्यासाठी तास-दीड तास गेला तरी चालेल. बैठक संपताना मूळ आकडे वाचून दाखवावेत आणि आपली वाटणी कुठे वेगळी पडली याची नोंद करावी.

नि:शस्त्रीकरणाला कमी वेळ लागेल. करारात त्यासाठी 90 दिवसांची मुदत होती. आधी शस्त्र कोण खाली ठेवणार, ते मोजणार कोण आणि ठेवल्यानंतर त्या गावाचे रक्षण कोण करणार, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे प्रत्येक गटाकडून घ्यावीत.

दुसऱ्या रविवारी बैठक सुरू होताच संयोजकाने 5 जून 1993 ची बातमी वाचावी: मोगादिशूत संयुक्त राष्ट्रांच्या सेनेतील 24 पाकिस्तानी सैनिक ठार झाले आहेत आणि हल्ल्याचा ठपका ऐदिद यांच्या गटावर आहे. संयुक्त राष्ट्रांची भूमिका करणाऱ्यांनी आता ठरवायचे आहे की वाटाघाटी चालू ठेवायच्या की ऐदिद यांच्याविरुद्ध कारवाई करायची. प्रत्यक्षात दुसरा मार्ग निवडला गेला, 3 ऑक्टोबरच्या चकमकीत 18 अमेरिकी सैनिक मारले गेले आणि मार्च 1995 पर्यंत संयुक्त राष्ट्रांची सेना देश सोडून गेली. त्या सेनेत भारताचीही एक ब्रिगेड होती, हे इथे अवश्य सांगावे. तिच्याविषयीचा मजकूर शोधण्याचे काम एखाद्या उत्सुक विद्यार्थ्याला द्यावे. मध्यस्थ स्वतःच लढाईतला पक्ष झाल्यावर त्याच्या शब्दाला किती वजन उरते, यावर सहभागींना सविस्तर बोलू द्यावे.

यानंतर वडीलधाऱ्यांना सहीचा हक्क देऊन उरलेला वेळ बोरामाच्या धर्तीवर चालवावा. त्याच 1993 साली सोमालीलँडमधील (सोमालियापासून फुटून स्वतंत्र झाल्याचे 1991 मध्ये जाहीर करणारा उत्तरेकडील प्रदेश) बोरामा येथे 150 वडीलधाऱ्यांची परिषद चार महिन्यांहून अधिक काळ चालली, तिचा बराचसा खर्च स्थानिक समाजानेच उचलला आणि तिथूनच मोहम्मद हाजी इब्राहिम इगाल सोमालीलँडचे राष्ट्राध्यक्ष झाले. तिथे मतदानापेक्षा सहमतीवर भर होता आणि खून, लूट, चराऊ जमीन यांचे जुने तंटे परंपरागत कायद्यानुसार, भरपाई ठरवून मिटवले जात. म्हणून या भागात घड्याळ लावू नये आणि मतदानही घेऊ नये.

स्त्रियांच्या शिष्टमंडळासाठी 2000 सालची जिबूतीतील आर्ता परिषद उपयोगी पडेल. तिथे आशा हाजी एल्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुरुषांच्या पाच कुळगटांत जागा न मागता ‘सहावे कूळ’ म्हणून स्वतंत्र शिष्टमंडळ उभे केले आणि 245 पैकी 25 जागा मिळवल्या. वेळ उरल्यास केनियातील परिषदेतून 2004 साली आलेल्या संसदेचे 275 जागांचे वाटपही मांडावे: चार मोठ्या कुळसमूहांना प्रत्येकी 61 आणि उरलेल्या सर्वांना मिळून 31.

अहवाल त्याच आठवड्यात लिहावा आणि त्यात प्रत्येक गटाने कोणती मागणी सोडली, कोणाच्या सांगण्यावरून सोडली आणि परत गेल्यावर आपल्या माणसांना ती सूट तो कशी पटवणार होता, हे त्या सहभागीच्याच शब्दांत नोंदवावे.