रेकॉर्डची एक बाजू, न उठता

माझ्या भाच्यानं मागच्या महिन्यात रेकॉर्ड प्लेअर घेतला आणि आठवड्याभरात त्याचा फोन आला. "मावशी, आवाज तर येऊन राहिला, पण मजा नाही येऊन राहिली." काय ऐकलंस, किती वेळ ऐकलंस, असं मी विचारलं. पाच मिनिटं हे, तीन मिनिटं ते, अशा सहा-सात रेकॉर्डी त्यानं फिरवल्या होत्या. मधे दोनदा फोनवर बोलणं झालं होतं. आणि खिडकीत कूलर सुरू होता.

त्याला सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते. चाळीस वर्षं मी नागपुरात, लक्ष्मीनगरातल्या याच घरात रेकॉर्डी ऐकते आहे. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. एलपीची, म्हणजे मोठ्या रेकॉर्डची, एक बाजू साधारण वीस-बावीस मिनिटांची असते. तेवढा वेळ जागचं न उठता बसा. बाकी सगळी तयारी त्या वीस मिनिटांसाठी करायची.

आधी प्लेअर

प्लेअर हलक्या टेबलावर ठेवू नका. माणूस शेजारून चालत गेला तरी सुई थरथरते. जड टेबल किंवा भिंतीतली कडप्प्याची फळी उत्तम. मग गवंड्याकडे असते ती पाणसळ आणा आणि रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या थाळीवर आधी आडवी, मग उभी ठेवून बघा. बुडबुडा मधोमध येईपर्यंत पायाखाली पुठ्ठ्याचे तुकडे घाला.

दुसरी तपासणी वेगाची, आणि तिला काहीही विकत आणावं लागत नाही. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे तीन मिनिटांत बरोबर १००. थाळीच्या कडेला कागदाचा चिमुकला तुकडा चिकटवा, घड्याळ लावा आणि मोजा. ९७ आले तर पेटीच्या काळी एक पट्टीतला गायक काळी एक आणि पांढरी एकच्या मधे कुठेतरी लटकतो. पेटीवर त्याचा सा काही केल्या सापडत नाही. आपल्याकडे दोषी बहुतेकदा रबरी बेल्ट असतो. दोन उन्हाळे माळ्यावर पडलेल्या प्लेअरचा बेल्ट सैल होतोच. तो बदला, काम फार मोठं नाही.

सुईचं वजन कार्ट्रिजच्या, म्हणजे सुई जिच्यात बसवलेली असते त्या डबीच्या, कागदावर लिहिलेलं असतं. मॅग्नेटिक कार्ट्रिजला बहुधा दीड ते दोन ग्रॅम लागतात. सराफाकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा मिळतो, त्यावर मोजून घ्या. सुई उडते म्हणून ती धरणाऱ्या दांडीवर, आर्मवर, नाणं ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. कृपा करून ते करू नका. रेकॉर्डची खाच त्या वजनानं खरवडली जाते आणि ती परत भरून येत नाही.

आजोबांच्या ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, जुन्या तबकड्या सापडल्या असतील तर एलपीची सुई त्यांच्यावर टेकवू नका. त्यांची खाच रुंद असते, त्यांना वेगळी सुई लागते. त्या लाखेच्या असल्यामुळे स्पिरिटनं पुसल्या तर पृष्ठभागच विरघळतो.

नागपूरचं ऊन

याबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण मी एक रेकॉर्ड उन्हात गमावली आहे.

एका मैत्रिणीनं बदली होऊन जाताना मला वसंतराव देशपांड्यांच्या नाट्यगीतांची रेकॉर्ड दिली होती. वसंतराव म्हणजे आपल्या घरचे. लहानपण नागपुरात गेलेलं, शंकरराव सप्र्यांकडे इथेच शिकलेले. सिव्हिल लाइन्समधलं सभागृह त्यांच्याच नावाचं आहे. मे महिन्याची दुपार होती. रेकॉर्ड कारच्या मागच्या सीटवर ठेवली आणि धरमपेठेत भाजी घ्यायला उतरले. वीस-पंचवीस मिनिटं लागली असतील. घरी येऊन कव्हरमधून काढली तर एका बाजूची कड भाजलेल्या पापडासारखी वर आलेली. लावून पाहिली. सुई प्रत्येक फेऱ्याला चढ चढून उतरायची आणि लांबवलेला प्रत्येक स्वर हेलकावे खायचा. ती मी टाकून दिलेली नाही. कव्हरवर मैत्रिणीच्या हातची तारीख आहे.

बंद कार मेच्या उन्हात ज्या तापमानाला पोचते, त्याला विनाइल मऊ पडायला लागतं. एकदा वाकलेली रेकॉर्ड घरी सरळ करायच्या फंदात पडू नका. इस्त्रीचा उपाय सुचवणारे भेटतील, त्यानं खाचाच बसतात. त्यापेक्षा आणताना जाडजूड पिशवी न्या, सकाळी आठच्या आत आणा आणि वाटेत कुठे थांबू नका. घरात पश्चिमेच्या भिंतीला रेकॉर्डचं कपाट लावू नका. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत ती भिंत रात्री अकराला हात लावला तरी गरम असते. रेकॉर्डी पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा, आडव्या थप्पीत नको. फार घट्टही कोंबू नका. पावसाळ्यात कव्हरांवर बुरशी धरते, म्हणून कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेवा.

धूळ धुवायला बोअरिंगचं पाणी वापरू नका. आपल्याकडचं बोअरिंग जड असतं, वाळल्यावर खाचांत पांढरा क्षार राहतो. डिस्टिल्ड वॉटर घ्या, त्यात भांड्याच्या लिक्विड साबणाचा एखादा थेंब. मऊ ब्रश खाचांच्या दिशेनं, गोल गोल फिरवा. मधलं लेबल भिजू देऊ नका. नंतर नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं पुसून भांड्यांच्या जाळीत उभी वाळवा, पंख्याखाली नको. पंखा जी धूळ उडवतो ती सरळ ओल्या रेकॉर्डवर बसते.

घर शांत करणं

कूलर बंद करा. मला माहीत आहे मी काय मागते आहे. पण कूलरचा पंखा आणि पंप मिळून जी घरघर करतात, तिच्याखाली तानपुरा पूर्ण बुडतो. आणि तानपुरा ऐकू आला नाही तर गायक कुठे उभा आहे तेच कळत नाही. तासभर आधी खोली गार करून घ्या, दारं लावा, मग कूलर बंद. वीस मिनिटं खोली तग धरते.

फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. कुकर आधी लावा किंवा नंतर. तर्री-पोहे खाऊन रेकॉर्डला हात लावू नका, बोटांचं तेल साबणानंही लवकर जात नाही. चहा चालतो. पाहुणे असतील आणि त्यांना बोलायचं असेल तर रेकॉर्ड लावूच नका, त्यांच्याशी मनापासून बोला. गप्पांच्या मागे ख्याल लावणं मला अजिबात पटत नाही. गाणाऱ्यानं एकेका स्वरामागे वर्षं घातलेली असतात.

काय लावायचं

पहिल्यांदा बसणाऱ्याला लोक द्रुत, चटकदार काही ऐकवतात. मी उलट सांगते. उस्ताद अमीर खाँसाहेबांचा मारवा लावा, आणि सूर्य बुडायच्या वेळेला लावा. मारवा त्याच वेळेचा राग आहे. मे महिन्यात आपल्याकडे पावणेसातच्या सुमारास बसलात तरी चालेल.

ऐकताना काय ऐकायचं? मारव्यात पंचम नाही. ऋषभ कोमल, मध्यम तीव्र. आणि षड्ज, म्हणजे सा, जो इतर रागांत घराच्या उंबरठ्यासारखा सतत भेटतो, तो इथे टाळला जातो. गायक निषाद, ऋषभ, धैवत यांच्यातच फिरत राहतो. तुम्हाला तांत्रिक काही येत नसलं तरी पाच-सात मिनिटांत एक अस्वस्थपणा जाणवेल, पाय टेकायला जागा नसल्यासारखा. तो जाणवला की समजा तुम्ही बरोबर ऐकता आहात. उठू नका. मग कधीतरी खाँसाहेब सा लावतात. त्या सा ची किंमत आधीची मिनिटं ऐकल्याशिवाय कळत नाही, म्हणून मधून लावलेली रेकॉर्ड काही देत नाही.

ताल झुमरा, चौदा मात्रांचा, आणि लय इतकी संथ की सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कधी आली ते सुरुवातीला कळणारच नाही. मोजायच्या मागे लागू नका. तबल्याचा ठेका कानावर येऊ द्या. चौथ्या-पाचव्या बैठकीला समेच्या आधी मान आपोआप हलायला लागते.

धीर अंगी बाणवायचा असेल तर जामठ्याच्या स्टेडियमवर जाऊन रणजीचा एक पूर्ण दिवस बघा. हे मी मनापासून सांगते आहे. क्रिकेटनं मला ख्याल ऐकायला शिकवलं आणि ख्यालानं क्रिकेट. नागपुरात कुणालाही विचारा, ३१ ऑक्टोबर १९८७ सांगेल: विश्वचषकात न्यूझीलंडविरुद्ध चेतन शर्माची हॅट्‌ट्रिक, तिन्ही त्रिफळाचीत, आणि त्याच सामन्यात गावसकरांचं वनडेतलं एकमेव शतक, ८८ चेंडूंत नाबाद १०३. मीही बाबांबरोबर सिव्हिल लाइन्सच्या मैदानात होते आणि घसा बसेपर्यंत ओरडले होते. पण मनात रुतून बसलाय तो फेब्रुवारी २०१९ चा रणजीचा अंतिम सामना. समोर सौराष्ट्र, त्यात चेतेश्वर पुजारा. आपला डावखुरा आदित्य सरवटे एकाच टप्प्यावर चेंडू टाकत राहिला, टाकत राहिला. पुजारा पहिल्या डावात १, दुसऱ्यात ०, दोन्ही वेळा सरवटेकडेच. सामन्यात त्याच्या ११ विकेट आणि विदर्भ ७८ धावांनी जिंकला. तेच तेच करताना त्यात केसाएवढा फरक कसा करायचा, हे त्या सामन्यात डोळ्यांनी दिसलं. खाँसाहेब निषादावरून ऋषभावर दहाव्यांदा येतात तेव्हा मला सरवटेची ती गोलंदाजी आठवते.

इंदूरचं तर माझ्यावर दुहेरी ऋण आहे. खाँसाहेब इंदूरचे, आणि विदर्भानं पहिली रणजी जिंकली तीही इंदुरातच, १ जानेवारी २०१८ ला. रजनीश गुरबानीनं दिल्लीविरुद्ध त्या सामन्यात हॅट्‌ट्रिक घेतली होती.

ऐकून झाल्यावर लगेच काही बोलू नका. दुसरी रेकॉर्डही लगेच लावू नका. सुईवरची धूळ मागून पुढे ब्रशनं झाडा, रेकॉर्ड आतल्या पाकिटात घालून मगच कव्हरमध्ये सरकवा, पाकिटाचं तोंड वर येईल असं. आठवड्यातून अशा दोन बैठका पुष्कळ झाल्या. महिनाभर तीच बाजू ऐका. नव्या रेकॉर्डी घेण्यापेक्षा हे जास्त देतं.

गेल्या रविवारी भाचा माझ्याकडे आला. कूलर बंद केल्यावर पाच मिनिटांत त्याच्या कपाळावर घाम आला, पण तो हलला नाही. बाजू संपली, सुई शेवटच्या रिकाम्या खाचेत खट्‌ खट्‌ करत राहिली. मी आर्म उचलला. बराच वेळ तो गप्प होता.

"मावशी, पलटव ना."

"पलीकडे दरबारी आहे. तो रात्रीचा राग. जा, मस्त जेवून घे, दहानंतर बसू."