जत्रेआधी देवळातल्या मूर्तींची नोंद कशी करायची

तालिबाननं 2001 ला अफगाणिस्तानातले बामियानचे बुद्ध उडवले, इस्लामिक स्टेटच्या अतिरेक्यांनी 2015 ला सीरियातलं पाल्मिराचं बेल मंदिर, ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं, पण इराक-सीरियात जुन्या वस्तू उकरून विकून इस्लामिक स्टेटनं पैसापण केला, म्हणून तर 2015 मध्येच संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं त्या मालाच्या व्यापारावर बंदी घातली. हलशीत नाहीतर देगावात उद्या बॉम्ब फुटतोय असं कोण म्हणत नाही, पण चोरीचा माल खपवणारा बाजार आपल्यापर्यंत पण पोचतो, आणि खानापूर-बेळगावकडं कितीतरी देवळात मूर्तीचा एक धड फोटो नाही.

तर आधी फोटो. अभिषेकाला वस्त्र, हार, मुखवटा सगळं उतरवतात तेव्हाच काढा, एरवी नुसती फुलंच दिसतात. गुरवमामांना आदल्या दिवशी सांगून ठेवा नाहीतर "फोटो कशाला काढूलास रे?" म्हणून उंबऱ्यावरच अडवतील, आणि त्यांचं बरोबरच आहे. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, शेजारी टेप धरून. मूर्तीच्या खालच्या पीठावर जुनी कन्नड अक्षरं असली तर लाईट बंद करून टॉर्च बाजूनं तिरकी मारा, झिजलेली अक्षरं पण उठून दिसतात. तुटलेलं बोट, कानामागचा चिरा, मुखवट्याच्या आतला सोनाराचा शिक्का, हे जवळून घ्या, कारण मूर्ती सापडल्यावर आमचीच म्हणून सिद्ध करायला हेच कामाला येतं. इंटरपोलच्या चोरीच्या यादीत पण नीट ओळखता येईल अशीच वस्तू घेतात, आणि तिची नोंद सीबीआयमार्फत जाते.

वहीत काय लिहायचं? धातू की दगड, मापं, वजन, खुणा, कुठं ठेवलीय. मराठीत लिहा पण खाली कन्नडमध्ये पण लिहून घ्या, पोलीस स्टेशनचे कागद कन्नडमध्ये चालतात, सीमावाद तिथं काढून उपयोग नाही. बाहेर पडलेले वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव दगड) विसरू नका, ते तर कोणपण टेम्पोत घालून नेईल. एक कॉपी कमिटीकडं, एक पेनड्राईव्ह गावाबाहेर कुणाच्या तरी घरी. व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र दागिन्यांची यादी नि किल्ली कुणाकडं असते हे अजिबात टाकू नका.

सीसीटीव्ही बहुतेक सगळे हुंडीवरच लावतात (पैशाची काळजी जास्त!), एक तरी गाभाऱ्याच्या दाराकडं फिरवा. जत्रेत बेवारस बॅग दिसली तर हात लावायचा नाही, माणसं लांब करायची, 112 ला फोन. आणि उगाच शेजारच्या समाजावर संशय नको, 2012 ला आफ्रिकेत माली देशातल्या टिंबक्टूत अतिरेक्यांनी फोडलेले दर्गे मुसलमानांचेच होते, आणि तिथल्या लोकांनीच हस्तलिखितं पत्र्याच्या ट्रंकांत भरून गुपचूप राजधानी बामाकोला पोचवली.

काय मोडतोड झालीच तर पंचनाम्याआधी झाडलोट करू नका, आणि तुकडा केवढापण असू दे, पोलिसांनी सोडल्यावर ठिकाण लिहून पिशवीत जपून ठेवा, नदीत सोडू नका, जोडणाऱ्याला तोच लागतो.