आफ्रिकेत पाठीवर सॅक टाकून फिरताय? वेळ आणि पैशाच्या हिशोबातल्या या चुका टाळा

‘नैरोबी ते केप टाउन, ६० दिवस, ८ देश.’ माझ्या वहीच्या पहिल्या पानावर हे ठळक अक्षरांत लिहिलं होतं, खाली तारखांचा तक्ता. पाचव्या दिवशी तक्ता कोलमडला. साठ दिवस संपले तेव्हा देश झाले होते चार आणि पैसे मात्र आठ देशांचे गेले होते. आता ओळखीपाळखीतून कुणी आपला आराखडा दाखवायला आणला, की त्यात मला माझंच ते पान दिसतं.

नकाशावर बोट ठेवून दिवस मोजणं

भारताचं क्षेत्रफळ सुमारे ३३ लाख चौरस किलोमीटर, आफ्रिकेचं ३ कोटींच्या वर. म्हणजे नऊ भारत मावतात. टांझानियातल्या दार-एस-सलामहून झांबियातल्या कापिरी म्पोशीला जाणारी ताझारा रेल्वे घ्या. चीनच्या मदतीनं बांधलेला १,८६० किलोमीटरचा मार्ग, प्रवास अप्रतिम. पण वेळापत्रकातच जवळपास दोन दिवस लागतात, गाडी रोज नसते आणि उशीर होणार हे तिथले लोक गृहीतच धरतात. शिवाय कापिरी म्पोशीला उतरलात म्हणजे व्हिक्टोरिया धबधबा आला असं नाही. आधी लुसाका, मग तिथून लिव्हिंग्स्टनपर्यंत बसनं आख्खा दिवस. वहीत ‘दार ते लिव्हिंग्स्टन : ३ दिवस’ लिहिलं असेल तर ते खोडून सहा करा.

छोट्या अंतरांचंही तेच. केनियातली मटाटू आणि टांझानियातली डालाडाला म्हणजे आपली वडाप. भरली की सुटते. ‘कधी निघणार?’ या प्रश्नाला ‘आत्ताच’ हेच उत्तर मिळतं आणि ते आत्ता दीड तास चालतं. मी आता एकच नियम पाळतो: लांबच्या प्रत्येक प्रवासानंतरचा दिवस कोरा ठेवायचा.

घड्याळ तेच, वेळ वेगळी

टांझानियातल्या मोशीच्या बसस्थानकावर तिकीट देणाऱ्या मुलाला विचारलं, गाडी किती वाजता? तो म्हणाला, ‘सा म्बिली’. मोजा, म्बिली, टाटू हे तिथल्या स्वाहिली भाषेतले एक, दोन, तीन मी पाठ केलेले, त्यामुळे दोन वाजता हे पक्कं. दुसऱ्या दिवशी सावकाश आवरलं, टपरीवर चपाती-चहा झाला, दीड वाजता सॅक घेऊन हजर. गाडी सकाळी आठलाच गेली होती.

त्या मुलानं माझं मनगट धरलं, घड्याळाच्या काचेवर आठच्या आकड्याला बोट लावलं आणि म्हणाला, ‘म्बिली.’ स्वाहिली दिवस सूर्योदयाला सुरू होतो. सकाळचे सात म्हणजे पहिला तास, आठ म्हणजे दुसरा. आपल्या घड्याळातून सहा वजा करा, की त्यांची वेळ. घटका-पळं मोजणाऱ्या आपल्या आज्यापणज्यांना हे चटकन कळलं असतं, मला एक तिकीट आणि लॉजची एक रात्र पडली. इथिओपियातही तासांची हीच पद्धत आहे. तिथलं तर वर्षही आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे चालतं, त्यामुळे तारीखही तपासा.

उपाय सोपा. वेळ ऐकू नका, मोबाइलवर ‘०८:००’ टाइप करून दाखवा आणि ‘असुबुही?’ (सकाळी?) विचारा. रात्रीसाठी ‘उसिकू’.

देश मोजणं आणि सीमा विसरणं

प्रत्येक नवा देश म्हणजे नवी फी आणि बहुधा अर्धा दिवस. केनियाची ऑनलाइन परवानगी ३० डॉलर, टांझानियाचा व्हिसा ५० डॉलर. झांझिबार टांझानियातच आहे, पण ऑक्टोबर २०२४ पासून तिथे जाणाऱ्या परदेशी पाहुण्याला तिथलाच ४४ डॉलरचा विमा घ्यावा लागतो, मग तुम्ही पुण्याहून कितीही महागडा विमा काढून आलेले असा. (विम्याला स्वाहिलीत ‘बिमा’च म्हणतात, तेवढाच आपलेपणा.) केनिया, युगांडा, रवांडा या तिघांचा मिळून १०० डॉलरचा ९० दिवसांचा व्हिसा आहे. तिन्ही करणार असाल तर छान, पण त्यात टांझानिया नाही. मधेच तिकडे जाऊन आलात की तो व्हिसा संपला.

त्याहून महागात पडते ती युरोपीय भटक्यांचे लेख वाचून योजना आखण्याची सवय. ‘सीमेवर व्हिसा मिळतो’ हे त्यांच्या पासपोर्टला लागू असतं. नियम वरचेवर बदलतात, म्हणून प्रत्येक देशाच्या सरकारी संकेतस्थळावर भारतीय पासपोर्टसमोर काय लिहिलंय तेवढंच खरं माना. दक्षिण आफ्रिकेचं प्रकरण तर निघण्यापूर्वीच निस्तरायला हवं. वाटेतल्या परक्या देशातून तिथला व्हिसा काढू म्हटलं, तर तुम्ही इथले रहिवासी नाही म्हणून साधारणपणे परत पाठवतात. आणि मुंबईतून काढून नेलात तर तो वापरायला मुदत असते. दोन महिने रमतगमत दक्षिणेकडे जाणाऱ्याची ही मुदत वाटेतच संपू शकते.

म्हणून माझं मत असं की उलटं फिरा. मे महिन्यात केप टाउनपासून सुरुवात करा. व्हिसा ताजा असतो, व्हिक्टोरिया धबधबा तेव्हा भरभरून वाहतो (ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झांबियाच्या बाजूला बराचसा नुसता कातळ दिसतो), आणि टांझानियात पोहोचेपर्यंत मार्च ते मे हा मोठा पावसाळा सरलेला असतो. तिकीट एका शहरात उतरायचं आणि दुसऱ्या शहरातून परतायचं असं काढा. जाऊन-येऊन नैरोबीचं स्वस्त तिकीट काढणारे शेवटी हजारो किलोमीटर उलटे येतात.

पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस विसरू नका. ती घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं आणि मग जन्मभर चालतं. लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते, त्यामुळे आधी नंबर लावा. केनियाहून परतताना ते पिवळं कार्ड नसेल तर भारतातच सहा दिवसांपर्यंत अलग ठेवू शकतात. परतीच्या विमानाच्या दुसऱ्या दिवशी ऑफिस असेल तर विचार करा.

‘दिवसाला ४० डॉलर’ हा आकडा

हा आकडा खोटा नाही. साधी खोली, वाली माहारागे (भात आणि राजम्यासारखी उसळ), स्थानिक बस यांत पूर्व आफ्रिकेत दिवस खरंच निघतो. शाकाहारी माणसाचं तर फारच बरं, चपाती-उसळ सगळीकडे. गडबड होते ती सरासरीमुळे. केनियातल्या मासाई मारा अभयारण्यात परदेशी माणसाला जुलै ते डिसेंबर दिवसाला २०० डॉलर प्रवेश फी आहे, जानेवारी ते जून १०० डॉलर. गोरिला पाहायचा परवाना युगांडात ८००, रवांडात १,५०० डॉलर. अशी एक सकाळ तुमचे वीस ते सदतीस दिवस खाते. त्यामुळे दोन पाकिटं करा: रोजच्या खर्चाचं वेगळं आणि ‘मोठ्या’ गोष्टींचं वेगळं. मोठ्यांतलं एकच निवडा. मी मारा सोडलं आणि केनियातल्याच नैवाशाजवळच्या हेल्स गेट उद्यानात सायकल भाड्यानं घेऊन झेब्र्यांच्या कळपातून फिरलो. सिंह दिसला नाही, पण पश्चात्तापही झाला नाही.

सफारीच्या जीपचं भाडं गाडीमागे असतं. टांझानियातल्या आरुशात उतरल्या उतरल्या एकट्यानं ठरवलीत तर सगळा भार तुमच्यावर. तिथल्या हॉस्टेलात दोन-तीन दिवस थांबून जोडीदार मिळवलेत तर तोच खर्च पाच जणांत वाटला जातो. नामिबियात याहून आधी जमवाजमव लागते, कारण सोसुसव्लेईच्या लाल वाळूपर्यंत सार्वजनिक बसच नाही. गाडी भाड्यानं घ्यावी लागते आणि निघण्यापूर्वी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा लागतो. गाड्या डावीकडूनच चालतात, ती एक सोय.

खिशात पैसे, पण चालत नाहीत

डॉलरच्या जुन्या नोटा, विशेषतः २००६ पूर्वीच्या, बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत. पेनाची रेघ किंवा कोपऱ्याला चीर असली तरी नाकारतात. इथे नोटा घेतानाच काउंटरवर एकेक उलटून छपाईचं वर्ष पाहा, मागचा माणूस कितीही उसासे टाको.

कार्डवर परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून चालू करावे लागतात, हे पुष्कळांना तिथल्या एटीएमसमोर कळतं. ओटीपी भारतीय नंबरवर येतो, तेव्हा त्या सिमचं रोमिंग सुरू ठेवा. दोन बँकांची दोन कार्डं, वेगवेगळ्या खिशांत. केनियात पोहोचलात की पासपोर्ट दाखवून स्थानिक सिम घ्या आणि एम-पेसा (मोबाइलवरून पैसे देण्याची तिथली सोय) सुरू करा. भाजीवालीपासून मटाटूपर्यंत सगळे तेच घेतात.

तरीही आराखडा मोडलाच तर

प्रत्येक ठिकाणचा एकेक दिवस कापत बसू नका, एक देश सरळ गाळा. माझ्या यादीतून मलावी आणि मोझांबिक गेले तेव्हा वाईट वाटलं, पण झांझिबारच्या गल्ल्यांत चार दिवस नुसतं भटकायला मिळालं. राखीव म्हणून एका विमान तिकिटाचे पैसे बाजूला ठेवा. बसचे चार दिवस वाचवायला ते एकदा तरी उपयोगी पडतात.

आणि हिशोबात परतल्यानंतरचेही काही दिवस धरा. मलेरियावरच्या प्रतिबंधक गोळ्या घरी आल्यावरही ठरलेले दिवस घ्यायच्या असतात. जुलै-ऑगस्टमध्ये परतलात आणि ताप आला, तर आपल्याकडे आधी डेंग्यूचाच संशय घेतात. दवाखान्यात खुर्चीवर बसायच्या आत सांगा, ‘डॉक्टर, मी टांझानियाहून आलोय, मलेरियाची तपासणी आजच करा.’