पावसाळ्यात कुंडीतली कोथिंबीर कोलमडते, त्यावर केलेला उपाय

कोल्हापुरात जुलैच्या झडीत खिडकीतली कोथिंबीर दोन पानांवर येते आणि बुडाशी काळी, बारीक होऊन आडवी पडते. हा बुरशीजन्य रोग आहे, रोपे कोलमडणे. अशा वेळी रोप सुकलं समजून पाणी घालतात, तिथेच उरलेलीही जातात.

खरं दुखणं मातीत. इथली काळी माती एकटी भरली की चिकटून बसते, मुळांना हवा मिळत नाही. आता मी एक भाग माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग चाळलेलं गांडूळखत आणि अर्धा भाग जाड वाळू घेतो. त्यात कुंडीमागे चमचाभर ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला दाबणारी उपयोगी बुरशी. कुंडी निदान 20 सेंमी खोल हवी, कारण मूळ सरळ खाली जातं. तळाची भोकं मोकळी ठेवा, ताटलीत पाणी साचू देऊ नका.

धणे हलके रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा, 1 सेंमी खोल पेरा. दाट पेरणीचा मोह आवरा: दोन रोपांत 3-4 सेंमी अंतर ठेवा. वरची माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी, तेही सकाळी. रोगट माती पुन्हा वापरू नका.