डिझेल गाडीचा टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप एकत्र कसा बदलावा

पिस्टन चालवणारा दांडा म्हणजे क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा दांडा म्हणजे कॅम; या दोघांना एका तालात फिरवणारा दातेरी पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट. तो आपल्या मरणाने क्वचित मरतो. त्याला शेजारी मारतात. इंजिन थंड ठेवणारे कुलंट फिरवणाऱ्या वॉटर पंपाचे बेअरिंग जाम होते, बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर ढिला पडतो, नाहीतर सीलमधून ऑईल गळून बेल्टचे रबर फुगते. म्हणून नुसता बेल्ट बदलून कव्हर लावणे हे अर्धेच काम. बेल्ट निघाला की पंप मोजक्या बोल्टांवर समोरच असतो. तो तेव्हा वाचवला आणि वर्षभराने गळू लागला, तर सगळे पुन्हा उघडायचे आणि मजुरी पुन्हा भरायची.

डिझेलमध्ये बेल्ट तुटणे महागात पडते. पिस्टन वर आला की तो आणि हेड, म्हणजे व्हॉल्व्ह बसवलेला इंजिनाचा वरचा भाग, यांच्यात फार थोडी जागा उरते. कॅम थांबला आणि क्रँक फिरत राहिला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावे लागते.

आपल्या गाडीला बेल्ट आहे का?

स्विफ्ट आणि डिझायरच्या 1.3 डिझेलला चेन आहे, त्यांच्या मालकांना हा लेख नको. पोलो, व्हेंटो, रॅपिडचे 1.5 व 1.6 टीडीआय आणि डस्टर, टेरानोचे 1.5 डिझेल यांत बेल्टच पंपही फिरवतो. जुन्या 2.5 डिझेल इनोव्हाला बेल्ट आहे, पण तिचा पंप बाहेरच्या फॅन बेल्टवर चालतो. खाली सांगितलेली रीत पहिल्या प्रकारच्या इंजिनांची आहे. टॉर्कचे, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचा त्याचे, आकडे मात्र आपल्याच इंजिनाच्या मॅन्युअलमधून घ्यावेत.

बेल्टला किलोमीटरची मर्यादा असते तशी वर्षांचीही असते आणि जी आधी भरेल ती खरी. गोव्यात बहुतेक वेळा वर्षेच आधी भरतात. उत्तर टोकाच्या पेडण्यापासून दक्षिण टोकाच्या काणकोणपर्यंतचा रस्ता जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटरचा. घर ते पणजी आणि चवथीला गाव, एवढेच फिरणाऱ्या गाडीचे आठ वर्षांत पन्नास हजारही होत नाहीत. मालक निश्चिंत असतो, रबर मात्र म्हातारे झालेले असते. किलोमीटर कमी असले तरी पाच-सहा वर्षांनी मॅन्युअल उघडून बघाच, आणि काम पावसाआधी, मे महिन्यात उरकून घ्या.

सामान

पूर्ण किट घ्या: बेल्ट, टेन्शनर, बेल्टला वाट दाखवणाऱ्या आयडलर पुल्या आणि ओ-रिंग किंवा गास्केटसह वॉटर पंप. पार्ट नंबर चॅसिस नंबरवरून काढा, कारण एकाच मॉडेलमध्ये वर्ष बदलले की बेल्टचे दात बदललेले असतात. शिवाय क्रँक पुलीचे आणि इंजिन माउंटिंगचे नवे बोल्ट, बाहेरचा फॅन बेल्ट, कंपनीने सांगितलेल्या प्रकारचे कुलंट आणि पाच लिटर डिस्टिल्ड वॉटर. हत्यारांत टॉर्क रेंच आणि त्या इंजिनाचा लॉकिंग पिनांचा, म्हणजे कॅम आणि क्रँक जागच्या जागी अडकवणाऱ्या पिनांचा, सेट हवाच. व्हाइटनरच्या खुणा करून टायमिंग मिळवणारे मिस्त्री आहेत, पण खूण हा फक्त दुसरा साक्षीदार. पिन नसतील तर कामाला हात घालू नका.

उघडणे

इंजिन पूर्ण थंड हवे, म्हणजे रात्रभर उभे असलेले. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. ड्रायव्हरच्या बाजूचे पुढचे चाक उतरवून गाडी स्टँडवर घ्या. अंगण मातीचे असेल तर स्टँडखाली जाड फळी किंवा सपाट चिरा ठेवा, कारण तांबडी माती सकाळी घट्ट वाटते आणि वजन पडले की खचते. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जायचे नाही.

कुलंट टबात काढा. ते चवीला गोड आणि विषारी असते, कुत्री-मांजरे चाटतात. विहिरीजवळ किंवा माडाच्या आळ्यात ओतू नका, कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या. निघालेले कुलंट तांबूस, गढूळ असेल तर बहुधा कुणीतरी त्यात विहिरीचे पाणी ओतलेले आहे. किनाऱ्याकडच्या बऱ्याच विहिरींचे पाणी खारट असते, ते आतून ॲल्युमिनियम खाते आणि पंपाचे सील घासते.

आता चाकामागचे प्लास्टिक, फॅन बेल्ट आणि वरचे टायमिंग कव्हर. फॅन बेल्ट काढण्याआधी तो कुठून कसा जातो याचा मोबाईलवर फोटो घ्या. समुद्राकाठच्या गाडीचे बोल्ट गंजलेले असतात. आदल्या रात्री त्यांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, म्हणजे सकाळी डोके गोल होणार नाही.

सम्पखाली, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑईलच्या भांड्याखाली, लाकडी ठोकळा ठेवून जॅकने इंजिनाला आधार द्या, मग त्या बाजूचे माउंटिंग सोडा. ठोकळा नसेल तर सम्पला खोक पडते.

टायमिंगवर आणणे

गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँकच्या बोल्टला सॉकेट लावा आणि क्रँक फक्त घड्याळाच्या दिशेने फिरवत पिनांची भोके जुळवा. कॅमची पिन बसली की क्रँकची, आणि इंजिनात सोय असेल तर इंधन पंपाचीही पिन लावा. नंतर फॅन बेल्टची बाहेरची क्रँक पुली आणि खालचे कव्हर काढा. क्रँकचा मोठा मधला बोल्ट सैल करायची वेळ आली तर पिनांच्या भरवशावर जोर लावू नका, त्या वाकतात. क्रँक धरायचे वेगळे हत्यार असते.

पिन बसल्या की जुना बेल्ट आणि कॅम, क्रँक, इंधन पंप यांच्या दातेरी पुल्यांवर पांढऱ्या पेंटने रेघा मारा. मग टेन्शनरचा नट सैल करून बेल्ट काढा. यापुढे नवा बेल्ट चढेपर्यंत कॅम आणि क्रँक यांना कुणी हलवायचे नाही.

जुना बेल्ट फेकण्याआधी नीट बघा. कडा झिजलेली असेल तर एखादी पुली तिरकी होती. बेल्ट तेलकट असेल तर कॅम किंवा क्रँकचे सील गळते आहे, ते आत्ताच बदला. नाहीतर नव्या बेल्टचेही तेच होणार.

पंप

पंपाच्या अंगाला एक बारीक भोक असते. त्याखाली गुलाबी किंवा पांढरी खपली दिसली की सील संपले. बोल्ट काढून पंप ओढताच ब्लॉकमध्ये राहिलेले अर्धा लिटरभर कुलंट धो धो बाहेर येते, खाली टब हवा आणि क्रँकच्या दातेरी पुलीवर कापड.

बसण्याची जागा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून स्वच्छ करा. लोखंडी पाते वापरले तर तिथे चरा पडतो आणि त्या चऱ्यातून कुलंट गळते. ओ-रिंगवाल्या पंपाला सिलिकॉन लावू नका. त्याचे धागे आत सुटून रेडिएटरच्या नळ्यांत अडकतात. ओ-रिंग कुलंटने ओली करा आणि बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. टीडीआयला हे 15 न्यूटन-मीटर आहे. तेवढे म्हणजे मनगटाचा जोर, खांद्याचा नाही. इथले बोल्ट जास्त आवळल्यानेच आटे जातात.

नवा बेल्ट

टेन्शनर आणि आयडलर नवे बसवा. टेन्शनरच्या मागचा कान ब्लॉकमधल्या खाचेत बसलाय का, हे बोटाने चाचपून बघा. बेल्ट मोडू, पिळू किंवा उलटा करू नका. त्याच्या आतले काचेचे धागे मोडले तरी बाहेरून दिसत नाहीत. त्यावर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेने.

सुरुवात क्रँकपासून. ज्या बाजूला टेन्शनर नाही ती बाजू ताठ ओढत कॅमपर्यंत न्या आणि सगळी ढील टेन्शनरकडे येऊ द्या. टेन्शनरची सुई खाचेसमोर आली की नट आवळा. टीडीआयला 20 न्यूटन-मीटर आणि वर 45 अंश फिरवणे. नट आवळताना सुई बऱ्याचदा सरकते, तेव्हा पुन्हा सैल करून पुन्हा जुळवा. यात पाचदहा मिनिटे जातात, जाऊ द्या.

आता सगळ्या पिन काढा आणि क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून एका फेऱ्यात चूक उघड होत नाही. पिन पुन्हा बोटाने सहज बसल्या पाहिजेत, सुई खाचेवरच हवी. क्रँकच्या दातेरी पुलीला वीस दात धरले तर एका दाताची चूक म्हणजे 18 अंशांची चूक. मध्ये कुठे टणक अडथळा लागला तर पाना लांब घेऊन जोर करू नका, तो व्हॉल्व्ह आहे. टायमिंग पुन्हा मिळवा. पेंटच्या रेघा दोन फेऱ्यांनंतर समोरासमोर येत नाहीत, त्यावरून घाबरू नका, बेल्ट पुढे सरकलेला असतो. इथे खरे सांगतात त्या पिनाच.

जोडणी आणि कुलंट

कव्हर, क्रँक पुली, माउंटिंग, फॅन बेल्ट उलट क्रमाने लावा. पुलीचे जुने बोल्ट वापरू नका, ते अंशांवर आवळायचे असतात आणि एकदाच ताणले जातात.

कॉन्सन्ट्रेट कुलंट असेल तर निम्मे डिस्टिल्ड वॉटर मिसळा, तयार मिळणाऱ्यात काही घालायचे नाही. सावकाश भरा, पाइप दाबून बुडबुडे काढा, एअर काढायचा स्क्रू असेल तर तो उघडा. हिटर पूर्ण गरमवर ठेवा. गोव्यात हिटर कुणी लावत नाही, त्यामुळे हवा अडकते ती नेमकी तिथेच. इंजिन चालू करून रेडिएटरचा फॅन लागेपर्यंत उभे राहा. ब्लोअरमधून थंड वारा येत असेल तर आत अजून हवा आहे.

गरम झाल्यावर बारीक शिट्टीसारखा आवाज येत असेल तर बेल्ट फार ताठ आहे, कव्हरवर फटफट आपटत असेल तर ढिला. दोन्हींत गाडी बंद करून सुई परत बघा.

पहिले दोन दिवस जवळपास फिरा, चोर्ला किंवा अनमोड घाट नको. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर कुलंटची पातळी बघा. थोडी उतरलेली असतेच, ती मिनिमम-मॅक्सिममच्या मध्ये आणा. झाल्यावर मार्करने टायमिंग कव्हरवर तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा.