अप्स१–एमडीएम३५ : मेदवाहक प्रथिनाची रचना कशी वाचावी

तंतुकणिकेला (मायटोकॉन्ड्रिया, पेशीचे ऊर्जाकेंद्र) बाहेरचे आणि आतले अशी दोन पटले असतात. तिच्या आतील पटलात कार्डिओलिपिन हा चार मेदाम्ल-शेपट्यांचा मेद तयार होतो आणि त्यासाठी लागणारा कच्चा माल, म्हणजे फॉस्फॅटिडिक आम्ल, प्रामुख्याने बाहेरून येतो. दोन्ही पटलांच्या मधल्या जागेत पाणी असते. पेशीत इतरत्र मेदाची ने-आण करणाऱ्या पुटिका (पटलाने वेढलेल्या सूक्ष्म पिशव्या) तेथे पोहोचत नाहीत. यीस्टमध्ये हे अंतर पार करून देण्याचे काम अप्स१ आणि एमडीएम३५ या प्रथिनांची जोडी करते, असे २०१२ साली प्रयोगाने दाखवले गेले. २०१५ मध्ये या जोडीच्या स्फटिकरचना (स्फटिकावरून ठरवलेल्या त्रिमितीय रचना) प्रसिद्ध झाल्या. त्या रचना प्रोटीन डेटा बँक या प्रथिन-रचनांच्या सार्वजनिक संग्रहात कोणालाही विनामूल्य मिळतात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी त्या कशा क्रमाने अभ्यासाव्यात, ते येथे मांडले आहे.

माझा आग्रह असा आहे की, सुरुवात प्रथिनापासून करू नये, मेदापासून करावी. फॉस्फॅटिडिक आम्लाचा रेणू आधी कागदावर काढा: ग्लिसरॉलचा कणा, त्याला जोडलेल्या दोन लांब शेपट्या आणि डोक्याच्या जागी केवळ एक ऋणप्रभारित फॉस्फेट. एवढे डोळ्यांसमोर असले की वाहक प्रथिनाकडून काय अपेक्षित आहे हे आपोआप ठरते. शेपट्यांना पाण्यापासून लपवणारी खोबण हवी, फॉस्फेटला धरून ठेवणारा धनप्रभार हवा आणि मेद आत घेण्यासाठी व बाहेर सोडण्यासाठी उघडणारी वाट हवी. पुढचे सारे निरीक्षण म्हणजे या तीन अपेक्षांचा शोध असतो.

आता डेटा बँकेत दोन्ही प्रथिनांची नावे एकत्र देऊन शोध घ्या आणि शक्यतो फॉस्फॅटिडिक आम्लासह मिळालेली रचना निवडा. मेदाविना मिळालेली रचनाही तुलनेसाठी उतरवून ठेवा. फाइल उघडण्यापूर्वी विभेदनक्षमता (रचना किती बारकाईने दिसते ते) पाहा, आणि साखळीतील कोणती अमिनो आम्ले (प्रथिनाचे घटक) प्रयोगातून मिळालेल्या इलेक्ट्रॉन-घनतेच्या नकाशात दिसलीच नाहीत याची यादी वाचा. हे काम कंटाळवाणे असले तरी टाळू नये, कारण न दिसलेला भाग अनेकदा सर्वांत हलता असतो आणि वाहक प्रथिनात हलत्या भागालाच महत्त्व असते.

पायमॉल किंवा कायमेराएक्स या रचना दाखवणाऱ्या संगणक-प्रणालींमध्ये दोन साखळ्यांना दोन रंग द्या. एमडीएम३५ लहान आहे: तीन आल्फा हेलिक्स (मळसूत्रासारखे भाग), आणि नऊ अमिनो आम्लांच्या अंतरावर असलेल्या सिस्टिन या गंधकयुक्त अमिनो आम्लाच्या दोन जोड्या. या सिस्टिनांमधील दोन डायसल्फाइड बंध (गंधक-गंधक जोड) काड्यांच्या स्वरूपात दाखवले की हेलिक्स एकमेकांना कसे बांधलेले आहेत ते कळते. हे प्रथिन अप्स१ला बाहेरून कवेत घेते. ही पकड केवळ शोभेची नाही: एमडीएम३५ नसेल तर अप्स१ टिकत नाही, वायएमई१ हे प्रथिनभंजक विकर त्याचे तुकडे करते.

अप्स१मध्ये सात पट्ट्यांची प्रतिसमांतर बीटा शीट (शेजारच्या पट्ट्या उलट दिशांनी जाणारा चादरीसारखा भाग) आहे आणि तिच्या एका बाजूला हेलिक्स आहेत. या दोहोंच्या मध्ये खोबण तयार होते. पृष्ठभाग दाखवून त्याला जलविरोधी स्वभावानुसार रंग द्या, मग पृष्ठभाग कापून आतली पोकळी पाहा. त्यानंतर विद्युतप्रभारानुसार रंग बदला. खोबणीच्या आत २५व्या स्थानावर आर्जिनिन हे धनप्रभारित अमिनो आम्ल दिसेल. मेदाच्या डोक्यावरील फॉस्फेटपासून त्याचे अंतर मोजा. शेवटी खोबणीच्या तोंडाशी असलेला वेटोळा शोधा, जो झाकणासारखा बसतो. मेदासह आणि मेदाविना मिळालेल्या रचना एकमेकींवर बसवून या वेटोळ्याची जागा बदलते का, ते स्वतः तपासावे.

तुलना येथेच थांबवू नये. माणसात अप्स१च्या जागी प्रेलिडी१ आणि एमडीएम३५च्या जागी ट्रायअॅप१ असते. यीस्टमधील अप्स२ हे एमडीएम३५सोबतच राहून फॉस्फॅटिडिलसेरीन नेते, ज्यापासून आतील पटलात फॉस्फॅटिडिलइथेनॉलअमिन बनते. जोडीदार तोच आणि घडणही तीच, मग मेदाची निवड कशी बदलते? या प्रश्नासाठी दोन्ही खोबणींच्या अस्तरातील अमिनो आम्ले शेजारी शेजारी लिहून काढण्यासारखा उपाय नाही. कोलेस्टेरॉलशी जोडल्या जाणाऱ्या स्टार प्रथिनाची रचनाही सोबत बसवून पाहावी. अमिनो आम्लांचा क्रम फारसा जुळत नसूनही घडण ओळखीची निघते.

स्फटिक मात्र एकच क्षण दाखवतो. पटलाला चिकटताना अप्स१ एमडीएम३५पासून सुटते असे प्रयोग सांगतात, आणि ती पटलावरची अवस्था या रचनांत नाही. म्हणून रचनेवरून सुचलेला प्रत्येक अंदाज मेदवहनाच्या चाचणीत उतरवावा. त्यात लायपोसोम म्हणजे मेदाच्या कृत्रिम सूक्ष्म पिशव्या वापरतात. दाता लायपोसोममध्ये एनबीडी या चमकणाऱ्या खुणेचे फॉस्फॅटिडिक आम्ल आणि ती चमक दाबणारा ऱ्होडामिनयुक्त मेद एकत्र ठेवतात. प्रथिनाने खुणेचा मेद ग्राही लायपोसोमकडे नेला की चमक वाढते. आर्जिनिन बदललेल्या प्रथिनाने चमक वाढली नाही, तरी लगेच निष्कर्ष काढू नये. बदललेले प्रथिन नीट घडी घालते का, हे वर्तुळी द्विवर्णतेने (प्रथिनाची घडी प्रकाशाच्या साहाय्याने तपासण्याची पद्धत) तपासावे आणि ते एमडीएम३५ला अजूनही धरते का, हेही पाहावे. ती पकड सुटली असेल तर पेशीत प्रथिन नष्ट होईल आणि यीस्टची खुंटलेली वाढ आपण चुकून मेद न धरल्याचा पुरावा समजू.